तिसऱ्या रकान्यातली लेक

डॉक्टर शहनाज मुल्लांनी नळीवरचा क्रमांक तीनदा ताडून बघितला आणि मग त्रिशलाला सांगितलं, की भरतेश मगदूम या नावानं आलेली लाळ तुमच्या भावाची असूच शकत नाही.

त्रिशलाला आधी हसूच आलं. भरतेश जन्मला तेव्हा ती सहा वर्षांची होती. सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसून तिनं त्याचं पहिलं रडणं ऐकलं होतं. तो भाऊ नसेल तर जगात कुणीच कुणाचं नाही, असं ती म्हणाली. डॉक्टर हसल्या नाहीत. सख्ख्या भावंडांत रक्ताची निम्मी वाटणी सारखी निघते, आई एक आणि बाप वेगळे असले तरी पाव निघते, आणि इथं शून्य आहे, असं त्या म्हणाल्या. शून्य म्हणजे वाटेनं चाललेला कुणी परका.

त्रिशला चौगुले, माहेरची मगदूम. वय एक्कावन्न. नवरा बाबासो जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गाव रूपेवाडी, म्हणजे चांदीचं गाव. इथं घराघरांत पैंजण घडतं आणि देशभर जातं. आता लेसरची यंत्रं आली, पण दोन हजार शेहेचाळीस सालातल्या या लेसरच्या आधी तीस-चाळीस वर्षं सगळं काम बायकांच्या तोंडानं झालं. तोंडानं म्हणजे अक्षरशः तोंडानं. दातांत फुंकणी धरायची, दिव्याची ज्योत फुंकून कडीवर वळवायची, डाक वितळली की सांधा जुळला. त्या डाकेत कॅडमियम असायचं, जुन्या मोडीच्या चांदीतून शिसं यायचं. फुंकताना श्वास बाहेर जातो, आणि फुंक संपली की पहिला श्वास त्याच धुरातून आत येतो. असं दिवसाला हजार वेळा. त्रिशला आठव्या वर्षापासून बसत होती. लहान बोटांना घुंगराच्या कड्या चांगल्या गवसतात म्हणे. भरतेशची बोटंही लहान होती, पण ती पाटी-पेन्सिल धरायला लागली आणि पुढं सांगलीच्या वसतिगृहात गेली.

गेल्या वर्षी त्रिशलानं अठ्ठावीस घुंगरांच्या पैंजणाला एकतीस घुंगरं लावली. एकदा गिरणीत गेली आणि डब्यात काय दळायला आणलंय तेच आठवेना; झाकण उघडून बघितलं तर ज्वारी. आप्पा, म्हणजे तिचे वडील, एकसष्टाव्या वर्षी गेले तेव्हा त्यांना घास गिळायचा असतो हेसुद्धा ठाऊक राहिलं नव्हतं. त्यामुळं ती गप्प घरात बसली नाही. सरळ मिरजेच्या केंद्रात जाऊन रक्त देऊन आली.

तिथं ते यंत्र होतं. सरकारी नाव लांबलचक, पण सगळे त्याला वाटणीयंत्र म्हणत. माणूस विसरायला लागला की त्या विसरण्यात कुणाचा किती हात, हे ते सांगत असे. ते काय करतं हे डॉक्टरांनी तिला चहा पाजून समजावलं होतं. प्रत्येकाला आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी एपीओई नावाच्या जनुकाची जोडी मिळते. त्याचे दोन, तीन आणि चार असे नंबर. मेंदूत रोज एक चिकट कचरा साठतो, तो उपसण्याच्या कामात या जनुकाचा हात असतो, आणि चार नंबर त्या कामात आळशी. एक चार नंबर म्हणजे धोका वाढला, दोन म्हणजे फार वाढला. पण चार नंबर घेऊन नव्वदीपर्यंत नातवंडांची नावं बिनचूक घेणारी माणसंही आहेत. मग कचरा वाढवतं कोण? धूर, शिसं, वाढलेला आणि कुणी न मोजलेला रक्तदाब, कानाचं बहिरेपण आणि न मिळालेली शाळा. हो, शाळासुद्धा. शिकलेला मेंदू जास्त पायवाटा पाडून ठेवतो. एक बुजली तर दुसरीनं जातो.

त्रिशलाच्या जोडीत एक तीन आणि एक चार निघाला. मग त्यांनी तिची अक्कलदाढ काढून कापली. या दाढेचा वरचा भाग आठव्या-नवव्या वर्षी घडायला लागतो आणि झाडाच्या खोडासारखे त्याचे थर बसतात. त्या वयात अंगात जे गेलं ते थरात अडकून राहतं. पडद्यावर तिच्या दाढेचा काप दिसला. थरामागून थर, सगळे काळे. डॉक्टर म्हणाल्या, एवढं शिसं मी भट्टीवरच्या पुरुषांतही बघितलेलं नाही.

यंत्र या सगळ्याचे तीन रकाने करायचं. रक्त, घर, धंदा. कायदा असा, की तिसरा रकाना पन्नासच्या वर गेला तर धंद्याच्या मालकानं त्या माणसाला सुई द्यायची. दर महिन्याला पाठीच्या मणक्यातून द्यायची ही महागडी सुई त्या कचऱ्याची वाढ थांबवते. गेलेलं परत आणत नाही, आहे ते राखते. पण रक्तातल्या खुणेचा आकडा शंभरच्या आत असेपर्यंतच ती लागू पडते. त्रिशलाचा आकडा ब्याऐंशी होता आणि महिन्याला तीनानं चढत होता.

आता या कायद्यातली खरी मेख ऐका. परक्याच्या कारखान्यात खाल्लेला धूर धंद्याच्या रकान्यात जातो, आणि लेकीनं बापाच्या कारखान्यात खाल्लेला धूर घराच्या. धूर तोच, भट्टी तीच, फुंकणीही तीच. पण रूपेवाडीत घरच्या लेकीच्या कामाला कुणी काम म्हणत नाही, हातभार म्हणतात. आणि कायदा करणारेही कुणाच्या तरी लेकीच्या हातभारावरच मोठे झालेले असणार. त्रिशलाची चौथीत सुटलेली शाळासुद्धा घराच्या रकान्यात गेली. यंत्रानं आप्पांचा आजार धरून तिचा कच्चा हिशेब काढला: रक्त अडतीस, घर तेहेतीस, धंदा एकोणतीस. सुई नाही.

वाट एकच होती. सख्ख्या भावाची लाळ. तेच रक्त आणि तीच आई, पण धुरात न बसलेला. कचऱ्याची खूण लाळेतही दिसते; त्याचा मेंदू स्वच्छ निघाला तर रक्ताकडचा दोष यंत्र कमी करतं आणि लग्नानंतर तिनं परक्यांच्या कारखान्यांत जे काम केलं त्याच्यावर चढवतं. पन्नाशी ओलांडेल, असा डॉक्टरांचा अंदाज होता. भरतेशनं घरबसल्या नळीत थुंकून ती पाठवली होती. आणि ती परक्याची निघाली.

त्रिशला तशीच भरतेशच्या पेढीवर गेली. दुपारची वेळ, काचेच्या कपाटांत पैंजणांची रांग. भरतेश आता नुसता कारखानदार राहिला नव्हता, रौप्य संघाचा सचिव झाला होता. बहिणीचा चेहरा बघून त्यानं माणसांना बाहेर पाठवलं. दोनदा टाळलं, यंत्राची चूक असेल म्हणाला, आणि तिसऱ्यांदा खरं सांगितलं.

"आक्का, ती माझी न्हवं. पॉलिशवाल्या इस्माईलची हाय."

तीन वर्षांपूर्वी त्यानं पुण्यात गुपचूप तपासून घेतलं होतं. दोन्ही नंबर चार, मेंदू अजून स्वच्छ. त्या दिवसापासून चष्मा कुठं ठेवला हे आठवलं नाही तरी त्याला घाम फुटायचा. हे ऐकून त्रिशलाला त्याची दयाच आली, ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायलाही उठली. पण गोष्ट तेवढीच नव्हती. त्याची मुलगी स्वरूपा हिचं निपाणीच्या घरात ठरलं होतं. लग्नाआधी मुलीची जनुकं तपासायला मागणं कायद्यानं बंद; म्हणून लोक हुशार झाले, मुलीच्या बापाचं पत्रक मागायला लागले. भरतेशनं इस्माईलची लाळ आपल्या नावानं दिली, त्याच्या नावानं तीन-तीन असं झकास पत्रक आलं, आणि ते निपाणीला पोचलंसुद्धा; ते खोटं ठरू नये म्हणून मिरजेलाही इस्माईलचीच लाळ गेली.

त्रिशलानं त्याला समजावलं. दोन चार नंबर असून तुझा मेंदू स्वच्छ आणि एकच असून माझा डागाळलेला, ह्यातच धंद्याचा हात दिसतो. तुझ्या चार नंबरांनीच मी वाचते. तो मान हलवत राहिला. लगीन होऊ दे, मग देतो, म्हणाला. लग्न फाल्गुनात. तिनं बोटांवर मोजलं. फाल्गुनापर्यंत आकडा शंभराच्या पार.

मग भरतेशनं आवाज खाली आणला. अगदी मायेनं बोलावं तसा बोलला.

"आक्का, राग मानू नगंस. आज तुझं डोकं तापलंय. पण वर्षा-दीड वर्षानं मी काय केलं ते तुझ्या ध्यानातबी राहणार न्हाई. माझ्या पोरीला मात्र जलमभर लक्षात राहील."

त्रिशला उठली. दारात तिला चप्पल सापडेना. ती समोरच होती.

पुढच्या आठवड्यात सुई मंजूर करणाऱ्या सरकारी मंडळाची सुनावणी संघाच्या सभागृहात झाली. तिघे सदस्य, डॉक्टर मुल्ला, भरतेश, आणि साक्षीला आई. राजमती मगदूम, वय सत्तर, ताठ कण्याची, स्मरण खणखणीत. रूपेवाडीतल्या निम्म्या सुनांना डाक देणं तिनं शिकवलेलं. त्रिशलानं आदल्या दिवशी आईला सगळं सांगून ठेवलं होतं. राजमती ऐकून म्हणाली होती, मी बघते काय ते. त्या चार शब्दांवर त्रिशला रात्रभर निवांत झोपली.

अध्यक्षांनी विचारलं, की दोन नमुने जुळत नाहीत, तर दोनच अर्थ निघतात. एक तर नमुना खोटा दिला गेला, तो गुन्हा आहे आणि त्या नमुन्यावर निघालेलं प्रत्येक पत्रक रद्द होईल. नाहीतर या दोघांतलं एक मूल तुमचं नाही. आजी, तुम्हीच सांगा.

राजमतीनं पदर खांद्यावरून पुढं घेतला. एकदा मुलाकडं बघितलं.

"पोरगा माझा. ही पोर आणलेली."

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हातारीला वाटलं असावं, की एवढ्यानं भागत नाही, पटेल असं काहीतरी सांगायला हवं. मग तिनं शेपूट जोडलं. तेजाबाच्या टाकीवर काम करणारी एक बाई वारली, तिची ही. आम्हाला तरी पोरीची काय गरज? पण झाळायला, म्हणजे डाक द्यायला, हाताखाली कुणीतरी पाहिजेच होतं. कामाला म्हणून ठेवून घेतली, दोन वेळा खायला घातलं, पुढं चांगल्या घरी लावून दिली. कारकून टंकत होता.

"आई, माझ्याकडं बघून बोल," त्रिशला म्हणाली.

राजमतीनं बघितलं नाही. त्रिशलानं मागणी केली, की आईचं थेंबभर रक्त घ्या, आत्ता घ्या. अध्यक्ष म्हणाले, नात्याच्या तपासणीला दोन्ही बाजूंची संमती लागते. राजमतीनं नको म्हणून हात हलवला, जसा पंगतीत जास्तीच्या वाढपाला हलवतात.

बाहेर पडताना भरतेश बहिणीच्या बाजूनं गेला. सुनावणी ऐकायला आलेल्या चुलत बहिणीला तो ज्या आवाजात गाडीत बसायला सांगत होता, त्याच आवाजात त्रिशलाला म्हणाला, जेवूनच जावा. जावा. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिला अहोजाहो केलं.

नंतरचे दिवस वाईट गेले. सगळ्यांत वाईट हे, की कधीकधी तिला आईचं खरं वाटायचं. विसरायला लागलेल्या माणसाला कुणी काहीही सांगावं. तो कशाच्या जोरावर नाही म्हणणार? ती आरशासमोर बसून आपलं नाक बघायची, आईचंच नाक, मध्ये किंचित चपटं. मग वाटायचं, तेजाबवालीचंही नाक असंच असेल. गल्लीतल्या बायका दोन पावलं लांबून बोलायला लागल्या. एकीनं तर, आता तुम्हाला मगदुमांच्या घरचं सुतक पाळायचं कारण नाही, असं हिशेबानं सांगितलं. त्रिशलानं तिला एवढंच सांगितलं, की सुतक मला लागलंय, मेलेलं माणूस तेवढं अजून हिंडतंय.

आठव्या दिवशी सकाळी डॉक्टर मुल्ला स्वतः घरी आल्या. हातात कागद. बसायच्या आधीच म्हणाल्या, की मी तुमच्या बाजूनं काहीही केलेलं नाही, हे आधी ऐकून घ्या. मंडळानं फक्त नोंदवलेली जबानी यंत्रात भरली.

मग त्यांनी कागद उलगडला. तुम्ही मगदुमांच्या लेक नाही, म्हणजे आप्पांचा आजार तुमच्या रक्तात मोजता येत नाही. रक्त अडतीसवरून एकोणीसवर आलं. भावाची लाळ लागत नाही, कारण भाऊच नाही. आणि कामाला म्हणून ठेवून घेतली, हे जबानीतले शब्द आहेत. म्हणजे आठव्या वर्षापासूनचा धूर घरचा नव्हे. शिसं, कॅडमियम, चौथीत सुटलेली शाळा, सगळं उचलून यंत्रानं तिसऱ्या रकान्यात टाकलंय. रक्त एकोणीस, घर सहा, धंदा पंच्याहत्तर.

"सुई मंजूर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मालक म्हणून मगदुमांचा कारखाना धरलाय, आणि वारस भरतेश. आठ वर्षांचं परकं मूल भट्टीपाशी बसवलं, म्हणून कारखान्याचा परवाना आणि निर्यातीचा शिक्का दोन्ही जातील. फक्त तुमची सही पाहिजे. जबानी मान्य आहे, अशी."

त्रिशलानं कागद वाचला. सावकाश वाचला, कारण आजकाल ओळीच्या शेवटाला पोचेतो सुरुवात निसटायची. मधोमध एक जागा रिकामी होती. मालकाशी नातं.

तिनं विचारलं, हे खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे ना?

"मला वाटतं खोटं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "यंत्राला वाटत काही नाही. हरकत घ्यायची तर घ्या. मग आईचं रक्त लागेल, आणि तुम्ही लेक ठरलात की पुन्हा भावाची लाळ."

म्हणजे असं होतं. आठवणी राखायच्या तर त्या ज्यांच्या आहेत त्यांच्यावर सहीनं पाणी सोडायचं. आणि लेक म्हणून राहायचं तर दोन वर्षांत कुणाची लेक तेच विसरून बसायचं. त्रिशलानं विचार करायला शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

पण रूपेवाडीत कागदाला पाय असतात. शुक्रवारी ती मिरजेच्या केंद्रात पोचली तर बाकावर आई बसलेली आणि भरतेश उभा. त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. आक्का, म्हणत तो पुढं आला. अहोजाहो गेलं होतं. आईच्या तोंडून चुकून गेलं, वय झालंय, सभागृहात भांबावली, असं तो एका दमात सांगत सुटला. आपल्याच कारखान्याचा परवाना, आप्पांनी हातानं उभारलेला. तू सही करू नकोस. आई रक्त द्यायला तयार आहे. आत्ता, इथंच.

डॉक्टर खिडकीपाशी कागद चाळत होत्या, पण त्या ऐकत होत्या.

राजमती उठली आणि लेकीसमोर आली. या वेळी तिनं बघितलं. "तू माझ्याच पोटची हाईस," ती म्हणाली.

"कशावरनं?"

"कशावरनं म्हंजे काय गं? पायाळू जलमलीस. दीड दिवस अडून बसलीस. नर्स म्हणाली, बाई न्हाईतर मूल, एक कायतरी सांगा."

"मग काय सांगितलंस?"

"मूल म्हटलं."

त्रिशला बाकावर बसली. तिनं आईलाही बसायला जागा केली आणि पुढं सांग म्हणाली. राजमती सांगत गेली. केस कसे दाट होते, रडली कशी नाही, उलटी धरून पाठीत थोपटली तेव्हा कुठं रडली. आप्पांनी पेढे वाटले नाहीत, मुलगी म्हणून. पण चांदीचे वाळे स्वतःच्या हातानं घडवले. तिसऱ्या महिन्यात ताप चढला तेव्हा पदरात बांधून पावसाच्या चिखलातून हातकणंगल्यापर्यंत कशी चालत नेली. त्रिशला मध्येच विचारायची, आणि? कोणत्या बाजूच्या रस्त्यानं? माझ्या अंगावर काय होतं? भरतेशनं दोनदा घड्याळ बघितलं. त्रिशला ऐकत होती ती भुकेल्यासारखी. एवढं आई कधी बोलली नव्हती. बोलायला सवडच कुठं होती, दोघींच्याही तोंडात फुंकणी असायची.

सांगणं संपलं. राजमतीनं उजव्या हाताचं बोट पुढं केलं. "घे म्हणावं रक्त."

त्रिशलानं ते बोट हातात धरलं. टोकाशी डाकेचे जुने चटके, तिच्या स्वतःच्या बोटांवर होते तसेच. मग बोट न सोडताच ती भावाकडं वळली.

"भरतेश, आईच्या रक्तानं मी लेक ठरते. मग तुझी लाळ लागते. तुझी स्वतःची. देतोस? नळी हितंच हाय."

भरतेशनं आईकडं बघितलं. फाल्गुन झाला की, असं काहीतरी तो पुटपुटला. स्वरूपाचं नाव घेतलं.

"आई, तू सांग त्याला," त्रिशला म्हणाली. "तुझं ऐकंल तो."

हीच एक संधी होती, आणि ती तिनं मनापासून दिली. यंत्र, मंडळ, सुई, सगळं त्या क्षणी बाजूला राहिलं असतं. राजमती मुलाकडं बघत राहिली. मोकळ्या हातानं तिनं सभागृहात घेतला होता तसा पदर पुढं घेतला.

त्रिशलानं आईचं बोट सोडलं आणि डॉक्टरांना म्हणाली, की तपासणीला दोन्ही बाजूंची संमती लागते ना? माझी नाही.

तिनं कागद ओढून घेतला. मालकाशी नातं, या रिकाम्या जागेत एकेक अक्षर काढत लिहिलं: काही नाही. खाली सही केली. मगदूम नाही, चौगुले नाही, नुसतं त्रिशला. आणि सुई कधीपासून, ते विचारलं.

"सोमवारी सकाळी या," डॉक्टर म्हणाल्या. "सोबत घरचं कुणीतरी लागेल."

एकटी आले तर चालेल का, असं त्रिशलानं विचारलं. राजमतीचं बोट अजून तसंच पुढं होतं.